मोकळ्यात चमकलेला प्लग

मी प्लग बोलून राहिलो. गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडनारा प्लग. बोटाएवढा हाये, अर्धा पांढऱ्या चिनीमातीचा, अर्धा लोखंडाचा. दर्यापुरात कुर्बानभाईच्या गॅरेजात, भंगाराच्या डब्यात पडेल हाये. सांगतो ते ऐका, मधात बोलू नोका.

आमी तीन भाऊ. एकाच दिवशी उत्तमरावच्या पेट्रोल व्हॅनमधी बसलो. उत्तमराव झेंडूवाला. हंगामात सकाळी फुलं भरून अमरावतीले नेये. मानूस कामाचा, पन डोकं इंजिनाच्या आंधी तापे.

जवानीत आमची शान होती. चाबी फिरवून सेल मारला का पेटलोच! तीन सालं, चाळीस हजार किलोमीटर पळवलं. मंग टोक झिजलं, अंगावर काजळी चढली. थंडीत गाडी उठेना. चढावर झटके देये, पेट्रोल ढोसे.

कुर्बानभाई म्हने, "उत्तमराव, तिन्ही प्लग बदला. पंचवीस हजार किलोमीटरवरच बदलाचे होते. गाडी रोज सांगून राहिली. आता काय चिठ्ठी लिहीन का तुमाले?"

"तुले तं दरवेळेस सामानच बदलाचं असते! हे पाय."

हाताले सोपा मीच होतो. उत्तमरावनं मले खोललं, पॉलिश पेपरनं घासलं, वायर लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवलं आन सेल मारला. चट्! निळी ठिणगी पडली.

"दिसली का? का चष्मा आनू?"

"बाहेर मोकळ्यात चमकते, भाऊ. आत दाब असते, तिथं त्याचा दम निघते."

उत्तमरावनं ऐकलं नाई. आन मीबी फुगलो ना! मले वाटलं, आपुन अजून जवान हावोत. बह्याड मी.

सन दोन हजार सहाचा पावसाळा. उत्तमरावची पोरगी करिश्मा बारावी झाली होती. नर्सिंगच्या जागेसाठी अकोल्याले अकरा वाजता मुलाखत होती. शेतीत तवा कोनाचंच धड नोहोतं. पोट्टी नर्स झाली तं तिच्या हातात तिचं कायतरी राहीन, असं तिची माय मनकर्णाबाई म्हने. तिनं सांगितलं, "बसनं जाऊ द्या."

"घरी गाडी असतांनी माही पोट्टी बसमधी लोंबकळत जाईन?"

निघालो. पूर्णेच्या पुलाच्या चढावर आमा तिघाईचा दम गेला. गाडी धक्के खात खात बंद पडली.

उत्तमराव उतरला. मले काढलं, घासलं, टेकवलं. मी चमकलो. "प्लग चांगला हाये," म्हने, "कार्बोरेटरमधी कचरा असन." फुकलं, बसवलं. दहा पावलं गेली आन पुन्हा बंद.

मांगून अकोल्याची जीप आली. थांबली. एका बाईनं सरकून जागाबी केली.

"बाबा, मी हिच्यात जातो."

"बस ना दोन मिनिटं! सुरू झाली समज." अन् मले पुन्हा काढलं.

मी काय करावं? करिश्मा एक पाय खाली ठिवून माह्याकडं पाहून राहिली होती. त्या वक्ताले मी चमकलो नसतो तं बरं झालं असतं. पन चमकलो. जीप गेली.

थांबत थांबत, धक्के खात अकोल्यात पोचलो तं पावनेएक वाजला होता. गाडीपुढंच दारात टेबल टाकून बसेल बाबू म्हने, "तीनदा नाव पुकारलं. दुसरीले घेतलं आमी."

उत्तमराव शिव्या देईन, टेबल आपटीन असं मले वाटलं. तो करिश्माची फाइल काखेत मारून गाडीकडं वळला. परतीले करिश्माच म्हने, "जाऊ द्या बाबा. हळू चालवा."

दुसऱ्या दिवशी कुर्बानभाईनं आमा तिघाईले काढलं. "तिन्ही टाक नवे," एवढंच उत्तमराव बोलला. कुर्बानभाईनं "मी सांगितलं होतं" असं तोंडातून काढलं नाई. मानूस मोठा.

पुढच्या साली करिश्माचं लगन झालं. वलगावले दिली.

बाप्पा हो, तुमची गाडी उठाले कुरकुर करत असन, चढावर झटके देत असन, तं आमाले काढा अन् फेका. आमाले राग नाई येत. आमचं वय किलोमीटरवर मोजा, आमच्या चमकीवर नोका जाऊ.

उत्तमराव आता पंधरा हजार किलोमीटरवरच प्लग बदलते. काल आला होता. नवे प्लग बसले, गाडी एका सेलमधी सुरू झाली. कुर्बानभाई म्हने, "जा ना भाऊ, झाली तं."

तो स्टेरिंग धरून तसाच बसून होता. गाडी मस्त सुरू होती, अन् कुठं जाचं ते त्याले सुचून नोहोतं राहिलं.