वळूच्या डब्यात कॅन्सर

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचे आलेला म्हणा, एका बाजूची कडी वेल्डिंग करून बसवलेला म्हणा. फक्त भंगार म्हणू नका. एकदा एकजण म्हणाला होता. त्याच्या तराजूवर चढून मी परत खाली उतरलोय.

मी द्रव नायट्रोजनचा कंटेनर आहे. नाव मोठं वाटतं, पण माझं आयुष्य काटेवाडीच्या गोठ्यांतून गेलं. दिसायला मी दुधाच्या कॅनसारखा. गळा तेवढा अरुंद. माझ्या पोटात आणखी एक पोट आहे आणि त्या दोन पोटांच्या मध्ये काही म्हणजे काही नाही. कारखान्यात तिथली हवासुद्धा ओढून काढली. म्हणून बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत असलं तरी माझ्या आतली थंडी ढळत नाही. थंडी तरी कसली, तुमच्या फ्रीजमधला बर्फ माझ्यापुढे ऊनऊन वाटेल अशी! आणि माझं झाकण घट्ट लावायचं नसतं. आतला नायट्रोजन जरा जरा वाफ होऊन उडत राहतो. तोंड दाबून धरलं तर मी फुटेन. तेव्हा मी बोलणारच, तुम्ही ऐकून घ्या.

तरुणपणी मी युवराजच्या मोटरसायकलला बांधलेला असायचो. युवराज गावच्या दूध संस्थेत गाईंना बीज भरायचं काम करतो. सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणतात आणि तोही कधी 'नाही' म्हणत नाही. जातिवंत वळूचं बीज काडीएवढ्या नळ्यांत भरून माझ्या पोटात टांगलेलं असे. वळू कुठल्या कुठे लांब, त्यानं काटेवाडी कधी पाहिलेली नाही. पण त्याच्या कालवडी इथल्या गोठ्यांत उड्या मारायच्या. गावानं माझं नाव ठेवलं 'वळूचा डबा'. गाय माजावर आली की युवराजला फोन यायचा, "डॉक्टर, वळूचा डबा घिऊन या बिगीबिगी!" मग आम्ही उसाच्या वाटेनं धडधडत निघायचो. कालवड झाली की पेढा युवराजला मिळायचा. पण बनाबाईच्या गाईला पहिली कालवड झाली तेव्हा तिनं मलाही हळदकुंकू लावलं होतं. मला आवडलं होतं ते, खोटं कशाला बोलू.

मग संस्थेत नवे चकचकीत कंटेनर आले. मला शेडमध्ये पेंडीच्या पोत्यांमागे सरकवलं. रिकाम्या भांड्याला किंमत नसते हे तिथं कळलं. चिमणीनं माझ्या गळ्यात काड्या कोंबल्या. कुणीतरी माझ्यावर बसून शेंगा खायचं. आणि एक दिवस भंगारवाला आला, त्यानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि तराजूवर चढवलं.

नेमकी त्याच वेळी फाटकातून स्कूटी आत आली. स्वरूपा होती. ही गावचीच पोर, बारामतीच्या एका कॉलेजात पीएचडी करणारी.

"तात्या," ती संस्थेचे चेअरमन सावळारामतात्यांना म्हणाली, "हा डबा मला द्या."

"तुला कशाला गं वळूचा डबा? तुझ्या बापाकडं तर दोन शेळ्या हायती."

स्वरूपा हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. तिचं काम तोंडाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाचं. मित्रांनो, नवं औषध थेट माणसाला देत नाहीत. आधी ते कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघतात. पेशी म्हणजे शरीराचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. स्वरूपाजवळच्या पेशी साध्या नव्हत्या. जुन्या औषधाला जुमानत नाहीत अशा हट्टी पेशी तिनं काही वर्षं खपून वाढवल्या होत्या. त्या बाजारात मिळत नाहीत. गोठवून ठेवल्या तर टिकतात, थंडी गेली की मरतात.

आणि तिची शिष्यवृत्ती बंद पडली होती. प्रकल्पाचा जुना निधी संपला होता, नवा 'प्रक्रियेत' होता. प्रक्रियेत म्हणजे नक्की कुठं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कॉलेजात येणारा नायट्रोजन थांबला. तिचे सर भले माणूस. तेही हताश होऊन म्हणाले, पेशी टाकून दे, लोणी देवकरच्या कारखान्यात नोकरी बघ, पुढचं पुढं.

"मी टाकणार नाही," स्वरूपा तात्यांना म्हणाली. "दूध संघाची गाडी तुमचे कंटेनर भरायला येते ना? त्यात माझा एक भरू द्या. बाकीचं मी बघते."

तात्यांनी भंगारवाल्याला हात केला. मी तराजूवरून उतरलो. चिमणीच्या काड्या निघाल्या, अंग घासलं गेलं आणि माझ्या पोटात पुन्हा थंडी उतरली. स्वरूपाच्या पेशी आत सोडल्या तेव्हा मी मनाशी म्हणालो, या पोरीचं काही मी मरू देणार नाही. मी लॅबमध्ये राहायचो आणि भरायच्या दिवशी स्कूटीवर उभा राहून काटेवाडीला यायचो.

आता चूक कुठं झाली ते ऐका. लॅबचा नियम असतो, आत काय आहे ते बाहेर लिहायचं. स्वरूपा नियमाची पक्की. तिनं माझ्या पोटावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला, 'कॅन्सरच्या पेशी. हात लावू नये.' लॅबमध्ये त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पण काटेवाडीत मी उतरलो ते दूध घालायच्या वेळेला. अख्खी रांग उभी. बनाबाईच्या नातीनं, छकुलीनं, नुकतंच शिकलेलं वाचन मोठ्यानं म्हणून दाखवलं.

"अगं बया!" बनाबाईच्या हातातली किटली हिंदकळली. "वळूच्या डब्यात कॅन्सर घातला व्हय गं स्वरूपे? म्हनूनच माझी गाय गाभडली, वासरू पोटातच गेलं!"

"मावशी, असा लागत नाही तो. आणि हा डबा गाईंना वापरतच नाहीत आता."

"गाडीची नळी तीच न्हवं का समद्या डब्यांत घालायची? आज डब्यात, उद्या कालवडीत, परवा दुधात!"

रांग मागे सरकली. कुणी म्हणालं, आमी दूध खासगी डेअरीला घालतो. तात्या घाबरले. दूध तुटलं तर संस्था बसते. ते गाडीवाल्याला म्हणाले, "थांब रं. ह्याला भरू नगंस. सभा हाय चार दिसांवर, तितं ठरू दे." गाडी बाकीचे कंटेनर भरून निघून गेली. ती परत कधी यायची तर कितीतरी आठवड्यांनी.

माझ्यातला नायट्रोजन तळाशी आला होता. स्वरूपा रोज माझ्यात लाकडी पट्टी बुडवायची आणि पट्टीवर पांढरं हिव किती चढतं ते बघायची. रोज ते खाली खाली. ती पट्टी पुसून ठेवायची. मी माझ्या परीनं थंडी धरून बसलो. जुनं अंग, पण धरायचं म्हटलं की धरतं!

सभेच्या दिवशी मला टेबलावर ठेवलं, आरोपीला पिंजऱ्यात उभं करतात तसं. समोर सतरंजीवर सगळे सभासद. तात्या म्हणाले, "दूध संस्था जनावरांसाठी हाय. कॅन्सरसाठी दवाखाने हायती. पोरीनं वाईट वाटून घेऊ न्हाय."

स्वरूपा उठली, समजावू लागली. लोक मान हलवत होते आणि ऐकत नव्हते.

मग मागच्या रांगेतून कुशाबाई उठल्या. स्वरूपाची आत्या. त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला. तेव्हापासून त्या पदर तोंडावरून ढळू देत नाहीत. बोलणं जड झालंय, शब्द घरंगळतात. त्या चालत टेबलापाशी आल्या, एक हात माझ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं पदर खाली केला.

त्या बनाबाईकडे वळल्या.

"बने, मला काय झालं हुतं?"

"आता… ते… हे झालं हुतं."

"नाव घे की. नाव घेतल्यानं लागत न्हाय."

"कॅन्सर," बनाबाई पुटपुटली.

"माझ्या गाईची धार कोन काढतं? मीच. ह्याच हातानं. दूध कुठं घालते? हितंच. दुखन्यात बी घातलं, आज सकाळी बी घातलं. तुमच्या समद्यांच्या चहात जातंय ते. कुनाला झाला माझ्यामुळं? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही.

"ह्या डब्यात जे हाय त्येनं मला खाल्लं. ही पोरगी त्याला धरून बसलीया, त्याच्यावर औषध हुडकतीया. आन तुमी म्हंता, सोड. माझं जायचं ते गेलं. पन हितं बसलेल्या निम्म्या बाया आज सकाळी दातांना तंबाखूची मिश्री लावून आल्यात. मी बी लावायची. उद्या औषध लागंल ते कुनाला लागंल?"

दोन-तीन बायकांनी नकळत ओठ मिटले.

"आक्का, बसा तुमी," तात्या हळू आवाजात म्हणाले.

"आदी डबा भरा. मग बसते."

त्या बसल्या नाहीत. ऑपरेशननंतर त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. माझ्यावर त्यांचा भार वाढत गेला. तरी बसल्या नाहीत. आणि युवराज उठला. तात्यांकडे न बघता तो आतून नवा कंटेनर घेऊन आला आणि त्यातला नायट्रोजन भर सभेत माझ्यात ओतू लागला. पांढरी वाफ टेबलावरून खाली कोसळली, सतरंजीभर पसरली. पोरं किंचाळली. बनाबाईनं पाय वर घेतले, मग जरा वेळानं एक पाऊल खाली सोडलं. "गार हाय गं नुसतं," ती म्हणाली.

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "भरला, ठीक हाय. पन स्वरूपा, एक सांग. औषध निघंल का?"

सगळे तिच्याकडे वळले. खोटं बोलायची तीच वेळ होती. "सांगता येत नाही, तात्या," ती म्हणाली. "निघेल, न निघेल. निघालं तरी माणसापर्यंत यायला फार वर्षं लागतील."

"मग कशाला?" मागून कुणीतरी खेकसलं.

उत्तर बनाबाईनं दिलं. "का रं? तुझी गाय एकदा भरली की दरवेळी गाभन ऱ्हाती का? डाक्टर, सांगा की! न्हाय ऱ्हायली तर परत भरतोच न्हवं? का गाय इकून मोकळा हुतूस?"

सभा खो खो हसली. युवराज लाजला. बनाबाई आता थांबायला तयार नव्हती. "तात्या, दिवाळीला सभासदांना काय देनार हाय?"

"स्टीलची बादली. दरसाल देतो तीच."

"नगं! घरात पाय ठेवायला जागा न्हाय बादल्यांनी. ह्या साली बादली रद्द. पोरीच्या औषधाला घाला."

हात वर झाले. सगळे नाही झाले. काहीजण उठून गेले आणि त्यांचं दूध आजही खासगी डेअरीला जातं. पण झाले ते पुरेसे झाले. मग कुशाबाई खाली बसल्या.

पेशी मात्र जगल्या की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. नायट्रोजन फार खाली गेला होता. दुसऱ्या दिवशी स्वरूपानं माझ्यातली एक नळी काढून कोमट केली, पेशी वाढवायला ठेवल्या आणि वाट पाहिली. कुशाबाई लॅबच्या दारात स्टुलावर येऊन बसायच्या. एका दुपारी सूक्ष्मदर्शकातून स्वरूपानं डोकं वर काढलं. "आत्या, जगल्या! चिकटून बसल्यात, वाढायला लागल्यात."

"जगल्या व्हय?" कुशाबाईंनी पदर सारखा केला. "बरं झालं. आता मार त्यास्नी."

स्वरूपा मारते आहे. औषध म्हणून तपासलेला पहिला पदार्थ फसला. दुसऱ्यानं वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारल्या, तोही गेला. तिसरा चालू आहे. शिष्यवृत्ती अजून प्रक्रियेतच आहे, आणि माझ्या गळ्याशी हल्ली घाम येतो. दोन पोटांमधल्या पोकळीत कुठूनतरी हवा झिरपत असावी. येऊ दे. युवराज दुरुस्ती शोधतोय आणि मी तोवर हटणार नाही.

मित्रांनो, माझं एक ऐका. मी एकदा भरून भागत नाही. थाटामाटात भरला, फोटो काढला आणि विसरला, की आतलं सगळं मरतं आणि बाहेरून काही कळतही नाही. शोधाचं कामही तसंच आहे. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन निधी वाटायच्या खुर्चीवर बसेल, कुणी नुसतं सभेत हात वर करणारं होईल. कुणी पोर तुमच्यापुढे येईल. तिला जरूर विचारा, औषध निघेल का. ती 'सांगता येत नाही' म्हणाली, तर ती खरं बोलते आहे. तिलाच द्या, आणि पुढच्या वर्षी परत द्या.