पिवळ्या पंख्यांच्या मागे

लेकीने परस्पर लग्न उरकलं तेव्हापासून घड्याळजी जावयाशी धड बोलले नव्हते. घड्याळांचं दुकान बंद केल्यावर म्हातारपणी त्यांनी पाठीला हवेची टाकी लावून समुद्राखाली उतरायचं खूळ डोक्यात घेतलं आणि जावई नेमका त्यातच मुरलेला. लेकीने संधी साधली.

"दोघं जोडीने जा. तोंडात नळी असते, भांडणार कसे? नाही जमलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. येणारही नाही."

हे शेवटचं ऐकून घड्याळजी तयार झाले. लेक हातची जाणार, हे न कळायला ते काही दूधखुळे नव्हते.

किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं होतं. सगळ्यांच्या अंगात भाड्याचे काळे सूट, डोक्याला रबरी टोप्या, पायात पोहायचे पिवळे रबरी पंखे, कोण कुठला ओळखू येईना. कमरेइतक्या पाण्यात लाटेने आपटलं, वाळूचा नुसता राडा झाला. घड्याळजी चाचपडत खाली गेले, तर समोर पिवळे पंखे. त्यांच्याच मागे ते प्रवाळापर्यंत पोचले.

आणि काय सांगायचं, जावई भलताच मायाळू निघाला. त्यांचा सैल पट्टा आवळला, कपारीतला ऑक्टोपस दाखवला, पुन्हापुन्हा त्यांच्या टाकीतली हवा तपासली. उगीच छळलं पोराला, असं घड्याळजींना मनापासून वाटलं. परतताना त्यांनी त्याचा हात घट्ट दाबला. त्यानेही दाबला. मिटलं एकदाचं.

उथळ पाण्यात उभं राहून समोरच्याने मुखवटा आणि टोपी काढली, तर आत पिकल्या केसांच्या एक बाई.

"अहो, तुम्ही कोण?" बाई गोंधळल्या. "आमचे हे कुठेत?"

घड्याळजी दोन पावलं मागे सरले. मग आपण माफ केलं ते कोणाला?

बाईंचे यजमान वाळूत पाय चोळत बसले होते. लाटेने आपटल्यावर ते तिथूनच मागे फिरले होते.

"तुमचा जोडीदार तुम्हाला शोधत वर आला होता," ते घड्याळजींना म्हणाले. "थांब म्हटलं, ऐकलं नाही. एकटाच पुन्हा खाली गेलाय."

एकट्याने उतरायचं नसतं, हे घड्याळजींना शिकवणीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते पाण्याकडे बघत राहिले. हा वर आलाच नाही तर? लेकीला काय सांगायचं, दुसऱ्याच कोणाचा तरी हात धरून मासे बघत होतो?

बऱ्याच वेळाने जावई खडकांवरून रांगत आला. गुडघे सोलवटलेले. सासऱ्यांना बघून तो तिथेच बसला आणि चार लोकांसमोर त्याने तोंड सोडलं.

"कुठे कडमडला होतात? अक्कल गहाण टाकली होती का? तिला काय तोंड दाखवलं असतं मी?"

बोलता बोलता तो रडायला लागला.

घड्याळजींना राग यायला हवा होता. तो कुठे गेला, त्यांचं त्यांनाच कळेना. असं त्यांना आजवर फक्त लेकच झापत आली होती.

"चुकलो," ते म्हणाले आणि वाळूत बसून जावयाच्या पायातले पंखे काढायला लागले. पट्टा सुटेना, तसे ते आणखी खाली वाकले.