उतरलेली चाळिशी

पुरुषोत्तम सबनीसांची चाळिशी साठी उलटल्यावर अचानक उतरली. एका सकाळी चष्मा सापडेना म्हणून त्यांनी तसाच पेपर उघडला, आणि अगदी छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं लख्ख दिसलं.

"संध्या, इकडे ये! वाचतोय मी, बिनचष्म्याचा!"

संध्याताई हात पुसत आल्या. त्यांनी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. त्यावरची बारीक तारीखही पुरुषोत्तमांनी वाचून दाखवली.

विमानाच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढलेला माणूस. कारण शोधल्याशिवाय चैन पडणार नव्हती. ते त्यांनी संध्याकाळपर्यंत शोधलं: गाजराचा रस. गेले काही आठवडे रोज सकाळी ते तो घेत होते. जयनगरच्या त्यांच्या गल्लीत बातमी पसरली. शेजारचे व्यंकोजीराव कुंपणावरून विचारू लागले, "अण्णा, गाजरं किती घ्यायची?"

"दोन पुरेत. आणि स्वल्प आलं घाला."

लांबचं मात्र जरा बिनसलं होतं. बागेत ते अनोळखी माणसांना हात करत आणि ओळखीच्यांना ओलांडून जात. टीव्ही धुरकट दिसतो म्हणून त्यांनी केबलवाल्याशी दोनदा भांडण काढलं. रात्री गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरत, तर "हल्ली दिवेच वाईट बनवतात" असं त्यांचं मत होतं.

एका रविवारी लेकीकडे, सुखदाकडे, एचएसआर लेआउटला जेवण होतं. संध्याताई मदतीला सकाळीच गेल्या. मागाहून पुरुषोत्तम चिरोट्यांचा डबा घेऊन बसस्टॉपवर आले. बस आली, पाटीवर त्यांनी 'अगरा' वाचलं. अगरा म्हणजे सुखदाच्या घराजवळच. खिडकीची जागा मिळाली. त्यांनी पेपर काढला आणि बिनचष्म्याने वाचण्याच्या आनंदात बुडून गेले. गर्दीतून वाट काढत कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचला, तेव्हा बाहेर शेतं दिसत होती.

"अगरा? अहो सार, ही आनेकलची बस आहे!"

ते सुखदाकडे पोचले तेव्हा पंगत उठली होती आणि चिरोट्यांचा भुगा झाला होता.

"बाबा, पाटी वाचली नाहीत?"

"वाचली की. 'अ'वरून होती."

संध्याताईंना हसू आवरेना. सुखदा मात्र हसली नाही. "डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

"मला कशाला तपासायला हवेत? मी चष्म्याशिवाय पेपर वाचतो!"

"म्हणूनच. उद्या जायचं. आई, तूही तपासून घे."

"मला कुठे काय होतंय?" संध्याताई म्हणाल्या. "मी आपली सोबत म्हणून जाते."

डॉक्टर देवश्री नागपूरच्या होत्या. दवाखान्यात मराठी ऐकू आल्यावर पुरुषोत्तमांनी गाजराच्या रसातल्या आल्याचं प्रमाणही सांगून टाकलं. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकलं, यंत्रातून डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "काका, गाजर जरूर खा. पण श्रेय त्याचं नाही. ही मोतीबिंदूची सुरुवात आहे. डोळ्यातलं भिंग घट्ट होत गेलं, की काही जणांना काही काळ जवळचं छान दिसतं आणि लांबचं बिघडतं. पुढे हेही धूसर होईल. तेव्हा ऑपरेशन करू. तोवर लांबचा चष्मा घ्या."

पुरुषोत्तम खट्टू झाले. "आता काकू," डॉक्टर म्हणाल्या.

संध्याताईंची तपासणी लांबली. डोळ्यांचा दाब मोजला. मग एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं, अशी परीक्षा झाली.

"तुमच्या घरी कुणाला काचबिंदू होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईला शेवटी फारसं दिसायचं नाही. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं."

"तुमच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली आहे. ना दुखतं, ना खुपतं, म्हणून कळत नाही. गेलेली परत येणार नाही. पण रोज थेंब घातले आणि वेळच्या वेळी तपासत राहिलात, तर उरलेली सांभाळता येते. बरं झालं आज आलात. मुलीलाही पाठवा."

रिक्षात पुरुषोत्तमांनी संध्याताईंचा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

"मला वाटलं, बिघडलं ते तुमचंच," त्या म्हणाल्या.

"माझं तर नुसतं भिंग आहे गं. बदलतील."

रात्री थेंब घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पहिला थेंब गालावर, दुसरा कानाजवळ.

"विमानं अशीच बनवत होता काय?"

"हलू नकोस गं! सरी, ठीक आहे, आता वर बघ."

तिसरा नेमका पडला.

सुखदाचे डोळे सुदैवाने ठीक निघाले. तिने वर्षाकाठी तपासायचं कबूल केलं. व्यंकोजीरावांना पुरुषोत्तमांनी स्वतः दवाखान्यात नेलं.

सहा महिन्यांनी पुरुषोत्तमांबरोबर संध्याताईंचीही पुन्हा तपासणी झाली. दाब उतरला होता, नजर होती तेवढीच टिकून होती. बाहुल्या मोठ्या करणाऱ्या औषधामुळे दोघांनाही समोरचं धड दिसत नव्हतं. तरी ते एकमेकांच्या आधाराने कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या उपाहारगृहात, शिरले. फळ्यावरची नावं वाचायच्या भानगडीत न पडता संध्याताईंनी मोठ्याने सांगितलं, "दोन मसाला डोसे. आणि कॉफी जरा कडक!"