रुथला कोणी विचारलं?

निवडणूक आली की घर घर राहत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. व्हर्जिनियात आमच्या परगण्यात तर उमेदवाराचं घर म्हणजे आठवडाभर पेटलेला भटारखाना. मतदार घोड्यांवरून यायचे, भाजलेलं डुक्कर आणि मक्याच्या भाकऱ्या खायचे, रमचे पेले रिकामे करायचे आणि यजमानाच्या आजोबांचे गुण गात परत जायचे. 'मला मत द्या' असं उमेदवाराने तोंडाने म्हणणं हलकेपणाचं मानलं जाई. रम कमी पडणं त्याहून हलकेपणाचं. अशा मेजवान्यांना कायद्याची मनाई होती. पण कायदा करणारेच त्या देत असल्यामुळे कोणाचं काही अडत नसे.

मेजर रॅल्फ हारवुड त्या वर्षी पहिल्यांदाच विल्यम्सबर्गच्या, म्हणजे आमच्या इंग्रज वसाहतीच्या, विधानसभेसाठी उभे होते. नदीकाठी त्यांचे तंबाखूचे मळे होते, आणि मळ्यांत राबणारी, त्यांच्या मालकीची माणसं होती. 'मालकीची माणसं' हे शब्द तेव्हा आमच्यात कोणाला खटकत नसत. मेजरांची पत्नी लेटिस हिलाही नाही.

तरी त्या आठवड्यात लेटिसला एका जागी बसवत नव्हतं. ती मांस धुरावर टांगायच्या खोलीपर्यंत जायची आणि कशाला आले ते विसरून परतायची. सरळ असलेला टेबलक्लॉथ पुन्हा सरळ करायची. कारण तिला माहीत होतं, पण त्याचं नाव ती मनातही घेत नव्हती.

कारण होतं रुथ. स्वयंपाकीण डायनाची तेरा वर्षांची मुलगी. नदीच्या वरच्या अंगाच्या कर्नल पेनरोझांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि मेजरांनी रुथला लग्नाची भेट म्हणून द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात कर्नल मेजरांना मत देणार होते. एक मत म्हणजे एवढं काय, असं वाटेल. पण तेव्हा आमच्याकडे मत गुप्त नसे. कोर्टात शेरीफच्या टेबलापाशी उभं राहून नाव मोठ्याने सांगायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्या उमेदवाराने उठून, वाकून आभार मानायचे. वरच्या अंगाच्या सगळ्या छोट्या शेतकऱ्यांचा तंबाखू कर्नलांच्या धक्क्यावरून जहाजात चढे. कर्नलांच्या देखत ते दुसरं नाव कसं घेणार? निवडणुकीच्या सकाळी कोर्टाला जाता जाता कर्नल रुथला घेऊन जाणार होते.

मेजरांनी विचारलं तेव्हा लेटिस म्हणाली होती, "गुणी आहे मुलगी. त्यांना आवडेल."

आदल्या दिवशी सकाळी डायना अंगणातल्या खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर डुक्कर फिरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाईसाहेब, एक विचारू? रुथचे कपडे कितीसे बांधू?"

"कितीसे म्हणजे?"

"उन्हाळ्यापुरते, की थंडीचेही? परत कधी येणार ते कळलं म्हणजे तसं बांधते."

लेटिसकडे उत्तर होतं. ते तोंडातून बाहेर येईना. "बघते," एवढंच म्हणून ती घरात आली.

दिवाणखान्यात मेजर उद्याच्या भाषणाचा सराव करत होते. खिडकीशी त्यांची आत्या टॅबिथा मोजा विणत बसली होती. आत्या क्वेकर पंथाची. हे लोक राजालाही टोपी काढत नाहीत आणि लहानमोठ्या सगळ्यांना एकेरीच हाक मारतात. कर्नल पेनरोझांना ती तोंडावर 'अरे पेनरोझ' म्हणे, त्यामुळे कर्नल तिच्या वाऱ्याला उभे राहत नसत.

"सभ्य गृहस्थहो," मेजर म्हणाले, "आमच्या संमतीशिवाय आमच्याकडून काहीही घेण्याचा अधिकार लंडनला नाही. जो संमती विचारत नाही, तो आम्हांला गुलाम समजतो!"

"छान बोललास," आत्या म्हणाली. "रुथची संमती विचारलीस?"

"आत्या, सुरू झालं तुझं. भेट दिलेल्या वस्तूची संमती विचारतात का?"

"म्हणून तर विचारते. लंडन तुला वस्तू समजतं, तर तुझा नुसता तीळपापड होतो. डायनाने काय करावं म्हणतोस?"

"ते वेगळं आहे."

"कसं वेगळं, ते सांग ना. मला वेळ आहे. हा मोजा व्हायचाय अजून."

लेटिस दारातच उभी होती. ती म्हणाली, "अहो, रुथला नको पाठवूया."

"तूही? अगं, परवा तूच हो म्हणालीस."

"म्हणाले. डायनाने आत्ता विचारलं, ती परत कधी येणार. मला सांगता येईना. जे तिच्या आईला तोंडाने सांगवत नाही, ते करायला मी हो कशी म्हणाले?"

"आणि कर्नलना काय सांगू? बायको हळवी झाली? सारा परगणा हसेल लेटिस. हा विषय संपला."

विषय संपला नाही. लेटिस दिवसभर पाहुण्यांमध्ये फिरली, हसली, आणि कोणाशी काय बोलली ते तिला आठवलं नाही. दर खेपेला खिडकीपाशी आली की तिला अंगणातली डायना दिसे. रुथ तिला खेटून लाकडं देत होती, आणि आई तिला क्षणभरही दूर जाऊ देत नव्हती.

सकाळी कर्नलांची गाडी आली. रुथ गाठोडं धरून पायरीपाशी उभी होती, डायनाचा हात तिच्या खांद्यावर होता. कर्नल गाडीतूनच म्हणाले, "चल पोरी, चढ मागे. उशीर होतोय."

लेटिस पायऱ्या उतरून रुथच्या पुढे उभी राहिली. "रुथ येणार नाही, कर्नलसाहेब."

कर्नलांनी तिच्याकडे नाही, मेजरांकडे पाहिलं. "काय मेजर, तुमच्या घरात हुकूम कोणाचा चालतो? उद्या सभेत तोंड उघडायचं तर घरी विचारून येणार का?"

गाडीवान हसला. मेजरांचा चेहरा लाल झाला. कायद्याने रुथ त्यांची होती. एक शब्द पुरे होता. लेटिस रुथच्या पुढून हलली नाही.

"माझ्या घरातून काय जायचं, ते गाडीत बसून तुम्ही ठरवायचं नाही, कर्नल," मेजर म्हणाले. "रुथ इथंच राहील."

खरं सांगायचं तर हे शब्द करुणेतून आले नव्हते, मानभंगातून आले होते. पण आले.

कोर्टात गर्दी मावत नव्हती. कर्नल टेबलापाशी आले आणि त्यांनी खणखणीत आवाजात मेजरांच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतलं. त्याने उठून, वाकून आभार मानले. मागून वरच्या अंगाचे शेतकरी एकेक करून आले. काल ज्यांनी मेजरांची रम प्यायली होती, त्यांनी जमिनीकडे बघत तेच नाव घेतलं. उमेदवाराने मधेच उठून जायचं नसतं. मेजर शेवटपर्यंत बसून राहिले, आणि हरले. आपल्या स्वातंत्र्याविषयी भाषणं ऐकणारी ही माणसं एका धक्क्याच्या मालकापुढे कशी बोलतात, हे त्यांनी जवळून पाहिलं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा डायना दिवाणखान्याच्या दारात वाट पाहत होती.

"आभार मानायचे असतील तर बाईसाहेबांचे मान," मेजर खुर्चीत बसत थकून म्हणाले.

"आभार मानायला नाही आले, साहेब. विचारायला आले. पुढच्या निवडणुकीला काय?"

इतक्या वर्षांत तिने प्रश्न विचारलेला मेजरांना आठवत नव्हता. की विचारले होते आणि त्यांनीच ऐकले नव्हते?

"रुथला कुणालाही देणार नाही," ते म्हणाले. "कधीच."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

मेजर गेले की त्यांच्या शब्दाला काही किंमत नव्हती. ते चाचरत म्हणाले, "मुक्त करायचं म्हटलं तर गव्हर्नरच्या मंडळाची परवानगी लागते. मिळत नाही ती. कायदाच तसा आहे."

"कायदा कोण करतं रे रॅल्फ?" खिडकीशी बसलेल्या आत्याने विचारलं. "त्याच सभेत जायला निघाला होतास ना?"

मेजर उठले. दिवसभर ज्या माणसाला कोणापुढे उठून वाकायची फारशी वेळ आली नव्हती, तो आपल्या स्वयंपाकिणीसमोर उभा राहिला. "माझं चुकलं, डायना. मंडळाकडे तुम्हा दोघींसाठी अर्ज करतो. पुन्हा उभा राहीन तो हा कायदा बदलण्यासाठी."

"मग एकही मत पडायचं नाही, साहेब," डायना म्हणाली.

"पडेल एखादं. ते तरी रमचं नसेल."

डायना हसली नाही. "अर्ज केलात की सांगा," म्हणाली, आणि रुथकडे गेली.

नागरिकहो, रुथ त्या दिवशी मुक्त झाली नाही, हे विसरू नका. एक अन्याय टळला म्हणजे न्याय झाला असं नव्हे. तिथून फक्त सुरुवात होते. आपला हक्क मागायला आपण सगळेच उभे राहतो, आणि राहावंही. पण मागण्यासाठी हात उंच करताना आपल्या दुसऱ्या मुठीत कोणाचा हक्क आवळलेला आहे, ते आधी पाहावं. ती मूठ न उघडता मागितलेलं स्वातंत्र्य स्वातंत्र्य नसतं, नुसती मालकी असते.