वरमाई उभी राहिली

कॅबरे म्हटलं की आपल्याकडं भलतंच डोळ्यांपुढं येतं, म्हणून आप्पारावांनी मानवत गावभर सांगून ठेवलं होतं, "आमच्या मंजुषाच्या सासूबाई तिकडच्या कीर्तनकार हायेत." तसं ते फार खोटंही नव्हतं. ही सासू, योहाना, एकोणिसाव्या वर्षी बर्लिनच्या एका तळघरात गायला उभी राहिली, पुढं स्वतःचं थिएटर काढलं आणि तीस वर्षं तिथं गाणी बसवली, नट घडवले, पहिल्या रांगेतल्या मंत्र्यांची तोंडावर टर उडवली. बाई कुणाच्या बापाला भ्यायली नाही. आणि दोन वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात गाण्याचे शब्दच विसरली. मिनिटभर सगळं सभागृह गप्प. ते गप्प राहणं तिच्या असं जिव्हारी लागलं की तिनं थिएटरला कुलूप घातलं. सत्तरी उलटली होती, स्वतःचा भरवसा उरला नव्हता. पुन्हा लोकांपुढं उभं राहायचं नाही म्हणजे नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

आता तिच्या मुलाच्या, लुकासच्या लग्नाची पंगत बसली आणि नवरीच्या आत्यानं, चतुराबाईनं, विहिणीला चिडवायची गाणी सुरू केली. म्हणजे वरमाईच्या केसांपासून चपलांपर्यंत सगळ्याचा उद्धार! वरपक्षानं उत्तर द्यायचं, नाहीतर हार कबूल करायची. चतुराबाई चाळीस वर्षांत एकदाही हरली नव्हती.

"तुमचे केस म्हणे पिंजलेला कापूस," मंजुषा लाजत सासूला अर्थ सांगत होती.

योहानाच्या अंगावर काटा आला. अरे, हे तर माझंच काम! ती ताटावरून उठली.

भरल्या ताटावरून! "वरमाई रुसली, वरमाई रुसली!" मांडवात एकच गलका झाला. आप्पाराव भारीतली साडी घेऊन धावत आले, हात जोडले. "चुकलं आमचं, इहीणबाई. बसा. पोरीच्या लग्नाचा इस्कोट नका करू."

योहानानं साडी घेतली, चतुराबाईसारखा डोक्यावर पदर ओढला, कमरेवर हात ठेवला आणि तिच्याच ठसक्यात पंगतीमधून चालून दाखवलं. हुबेहूब! मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मग तिनं आपलं जर्मन गाणं उचललं. धृपद दोनदा म्हटलं, एक कडवं झालं, दुसरं अर्ध्यावर आलं, आणि शब्द गेले. पुन्हा तेच. झालं, संपलं सगळं, तिला वाटलं.

पण हे चतुराबाईच्या बायकांना कुठं ठाऊक? म्हणणारी थांबली की बाकीच्यांनी झील धरायची, एवढीच त्यांची रीत. पंचवीस बायकांनी ते धृपद मोडकंतोडकं, पण खड्या आवाजात उचललं. एकदा झालं, दोनदा झालं, टाळ्यांचा ठेका चढत गेला आणि तिसऱ्यांदा योहानाला शब्द सापडले. ते तिनं असे काही फेकले की वाढपी वाढायचं विसरले. गाणं संपलं तेव्हा अख्खी पंगत उष्ट्या हातांनी उभी राहून "वन्स मोअर" ओरडत होती.

"हरले गं बाई, हरले!" म्हणत चतुराबाईनं तिला मिठी मारली.

योहानाला राहवेना. डोळे पुसत तिनं मंजुषाकरवी कबूल करून टाकलं, "मी मधेच विसरले होते."

"मग इसरलात तर इसरलात!" चतुराबाई डाफरली. "आमी काय मेलो होतो का?"