पहिल्या ओळीतला इलियास

पानिपतची लढाई मराठे हरले, हे कोरेगावच्या सुभेदार नाथाजीरावांना मान्य नव्हतं. हरले हे त्यांना ठाऊक होतं. पण ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी, तिकडं दिल्लीच्या अंगाला, आणि मुख्य म्हणजे सुभेदारांना न विचारता. विचारलं असतं तर वेगळं झालं असतं, असं त्यांचं मत होतं, आणि पेन्शनीतल्या माणसाच्या मताला आडवं कोण जाणार?

मागल्या जर्मन लढाईत बसऱ्याला असताना त्यांच्या गोऱ्या साहेबानं त्यांना वाळूच्या मेजावर ठोकळे मांडून लढाई खेळायला शिकवलं होतं. गावी आल्यावरही तो नाद सुटला नाही. जोडीदार मिळाला तो सांगलीचा, पेन्शनर शाळातपासणीस भाऊसो मगदूम. भाऊसोंनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून खेळाचे नियम एका वहीत उतरवून घेतले होते, आणि त्या वहीला विचारल्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नसत. दर संक्रांतीला ते मिरजेला गाडी धरून यायचे. सुभेदार माजघराचं दार बिजागरीतून काढून बाकांवर आडवं टाकायचे, वर नदीची वाळू पसरायचे, आणि दोघं म्हातारे सुपाऱ्यांचं पायदळ नि चिंचोक्यांचं घोडदळ घेऊन दिवस मावळेपर्यंत एकमेकांची कत्तल करायचे. सुभेदारांच्या बायको मनुबाई तेवढा वेळ दाराच्या जागी जुनं लुगडं टांगायच्या.

पंचेचाळीस सालच्या संक्रांतीला मात्र सुपाऱ्या चालणार नव्हत्या. यंदा पानिपत होतं. सुभेदारांनी गुंडा कुंभाराकडून साच्यात दाबून बोटभर उंचीचे सव्वाशे शिपाई भाजून घेतले आणि दोन पाट्या भरून कुतुबुद्दीन रंगाऱ्याच्या घरी पाठवले.

कुतुबुद्दीन म्हणजे गावाचा रंगारी. बेंदराला बैलांची शिंगं, तमाशाचे पडदे, देवळाच्या दारावरचे जय-विजय, सगळं त्याच्याच हातचं. पण एवढं बारीक काम त्याला जन्मात मिळालं नव्हतं. खारीच्या शेपटीच्या केसांची कुंची करून तो कामाला लागला. आधी अंगरखे, मग पागोटी, मग ढाली, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. डोळे उघडले की त्या चित्राला पुन्हा कुंची लावायची नाही, ही त्याच्या बापाची शिकवण होती.

सुभेदार रोज येऊन उकिडवे बसायचे नि हुकूम सोडायचे. "कुतुबभाई, येकाचं त्वांड दुसऱ्यासारकं दिसलं न्हाई पायजे. मराठे हायती ते. छापाचे गणपती न्हवं."

आता साठ मराठ्यांची साठ तोंडं आणायची कुठून? अफगाणांचं सोपं होतं. कुतुबुद्दीननं जन्मात एकच पठाण बघितला होता, दरसाल येणारा हिंगवाला. त्यामुळं अब्दालीची अख्खी फौज त्या एका हिंगवाल्याच्या तोंडाची झाली. मराठ्यांसाठी त्यानं काही ठरवलं नाही. हाताला जे आलं ते काढत गेला. आणि हाताला आली ती गावची पोरं. साठेक पोरं पलटणीत गेली होती, कुणी ब्रह्मदेशात, कुणी इटलीत. लहानपणी ती त्याच्या ओसरीवर रंगाची मडकी लवंडून शिव्या खाऊन गेलेली. एकाची भुवई तुटकी, एकाचे कान सुपाएवढे, एकाचा वरचा ओठ सदा उघडा. कुंचीचं टोक टेकायचा अवकाश, पोरगं समोर उभं. कुतुबुद्दीनला लय आनंद झाला. मुकाट्यानं स्वतःशीच हसत तो रंगवत राहिला. त्यात कुणाचं काही बिघडेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

संक्रांतीला पाच दिवस राहिले असताना शेजारची अंबूबाई त्याच्या घरी विस्तव मागायला आली. ओसरीत सुपात शिपाई वाळत पडले होते. ती वाकली आणि तिच्या हातातली गोवरी खाली पडली.

"आगं बया! ह्यो माजा सयाजी!"

झालं. तासाभरात निम्मी आळी ओसरीवर. ह्यो आमचा जोतिबा, ह्यो तुमचा कोंडीबा, आगं ह्येच्या कानावरनं वळख. बायकांनी पदराला डोळे पुसले, लेकांच्या तोंडावरून बोटं फिरवली, ओल्या रंगाचं वाटोळं केलं आणि कुतुबुद्दीनच्या हाताला देव आहे असा निर्वाळा दिला. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की ही पोरं आता सुभेदाराच्या दारावर लढणार.

"लढनार म्हंजी मरनार बी का वो?" अंबूबाईनं विचारलं.

मरणार होते. भाऊसोंच्या वहीप्रमाणं आळीपाळीनं सहा कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके समोरच्याचे पहिल्या ओळीतले शिपाई आडवे करायचे. कुतुबुद्दीननं सरळपणानं सगळं सांगून टाकलं. सरळपणा हा त्याचा जुना रोग होता.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदारांच्या घरी रीघ लागली. कुणी तुपाची वाटी आणली, कुणी अंडी, कुणी पावट्याच्या शेंगा. मागणं सगळ्यांचं एकच. पेशव्यांच्या फौजेमागं लढत नसलेली जी माणसं होती, त्यांना बुणगे म्हणतात, एवढं सुभेदारांच्याच तोंडून गावानं दहादा ऐकलं होतं. तेव्हा, "आवं सुभेदार, माज्या जोतिबाला बुणग्यात घाला." "आमच्या पोराला बी बुणग्यात घाला, त्येचा गुडघा दुकतोय." सुभेदारांनी दोन दिवस तूप ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला, तर साठांतले त्रेचाळीस बुणगे झालेले आणि उरलेल्या सतरांच्या आया वाटेत होत्या.

"ही पलटन हाय का लग्नाची पंगत?" ते कडाडले. "सगळी मागच्या वळीत बसली, तर फुडं काय मी उभा ऱ्हाऊ?" त्यात त्यांनी सांगून टाकलं की खऱ्या पानिपतात सगळ्यांत जास्त मेले ते बुणगेच. त्यावर बायकांनी जो गलका केला, तो ऐकून सुभेदारांना बसरा बरा वाटला. रंगवलेली पोरं आम्ही घरी नेतो, आणि लढाई तुमची तुम्ही सुपाऱ्यांवर खेळा, असा निकाल लागला. शिपायांचं सूप पोचवायला आलेला कुतुबुद्दीन खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडं वळून अंबूबाईनं एकदम विचारलं,

"कुतुबभाई, समद्यांची पोरं काढलीसा. तुमचा इलियास कुटं हाय ह्यात?"

 सुपातली तोंडं पुन्हा एकदा बघून झाली. इलियास त्यात नव्हता.

"वा रं वा! म्हंजी आमची लेकरं मरायला, आन् सोताचं ठेवलं लपवून!"

  इलियासचंच तोंड कुतुबुद्दीननं सगळ्यांत आधी काढायला घेतलं होतं. आठ वेळा काढलं आणि डोळे उघडायच्या आत आठ वेळा पुसलं. पोरगं चार वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी मोटारपलटणीत भरती झालं, तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. मधे एक फोटो आला, त्यात टोपीच्या सावलीत अर्धं तोंड गडप. दिवाळीपासून पत्र नव्हतं. गावची एवढी पोरं हाताला आपोआप येत होती, आणि पोटचं पोर आठवायला बसलं की नाक एकीकडं, हनुवटी एकीकडं, मधे नुसती कोरी माती. बाप असून पोराचं तोंड विसरला, हे चारचौघींत सांगण्यापेक्षा लबाड ठरलेलं बरं, असा त्यानं विचार केला आणि मान खाली घातली.

शेवटी अंबूबाईनंच तोडगा काढला. पहिल्या ओळीत पहिला इलियास उभा राहणार असेल, तर बाकीच्या आया आपापली पोरं मागोमाग उभी करतील. सुभेदारांनी त्यावर मिशीला पीळ भरला. कुतुबुद्दीन "बरं" म्हणाला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो सकाळपासून एकच शिपाई हातात धरून बसला. बायकोला, रहिमतबीला, विचारावं असं दहादा मनात आलं; पण विचारायचं काय? "आपल्या पोराचं नाक कसं हाय गं?" भाकरीसुद्धा त्यानं नको म्हटली. आणि मग उन्हं कलताना कुठून कोण जाणे, एक हसरं, किंचित वाकड्या जिवणीचं तोंड कुंचीच्या टोकाला आलं. हनुवटी बसली, गालफडं बसली. हाच! त्यानं अधाशासारखे डोळे उघडले आणि शिपाई छातीशी धरून म्हातारा लहान पोरासारखा रडला. मग त्याच्या लक्षात आलं की उद्या ह्याला सगळ्यांच्या पुढं उभं करायचंय, आणि आता पुसताही येत नाही.

संक्रांतीला मनुबाईंनी तिळगूळ वाटला, गोड बोला म्हणून सगळ्यांना बजावलं, आणि युद्धाला सुरुवात झाली. एरवी ह्या खेळाकडं ढुंकून न बघणाऱ्या बायका दाराभोवती तीन रांगा करून उभ्या. रहिमतबी पुढच्या रांगेत पान चघळत होती. एका अंगाला साठ मराठे, प्रत्येकाची आई मागं उभी. दुसऱ्या अंगाला पासष्ट हिंगवाले, त्यांना कोणीच नाही. भाऊसोंनी चष्मा पुसला, वही उघडली, पहिला डाव अब्दालीचा असल्याचं कलम वाचून दाखवलं आणि कवड्या टाकल्या.

पाच पालथ्या. एक उताणी.

"येक शिपाई कमी," भाऊसो म्हणाले आणि दोन बोटांनी इलियासला अलगद आडवा केला.

 ज्यांनी हट्ट धरून त्याला पुढं उभं केलं होतं, त्यांनाच आता एकमेकींच्या तोंडाकडं बघवेना. सगळ्यांच्या नजरा रहिमतबीकडं वळल्या. ती पान चघळत होती.  कुतुबुद्दीननं भिंतीला हात टेकला.

अंबूबाई पुढं झाली. तिनं शिपाई उचलला, पदरानं वाळू पुसली आणि पुन्हा उभा केला.

"मेला न्हाई. ठेचकाळलाय पोरगं."

"आवं बाई, नियमात तसं न्हाई," भाऊसो वही पुढं करत म्हणाले.

"मग लिवा की! शाळा तपासत व्हतासा न्हवं? लिवा, ठेचकाळलेलं पोरगं उटतंय म्हनून."

त्यानंतर लढाई पुढं जाणं शक्यच नव्हतं. ज्याला त्याला ठेच लागू लागली असती. बायकांनी आपापली पोरं उचलून ओटीत घातली आणि त्या घरोघर गेल्या. पासष्ट हिंगवाले मोकळ्या वाळूकडं बघत उभे राहिले. मैदान अब्दालीकडं राहिलं, पण मराठ्यांचा एकही माणूस मेला नाही. तेव्हा आपणच जिंकलो, असं सुभेदारांनी जाहीर केलं. भाऊसोंनी वहीत "अनिर्णित" लिहिलं आणि ते तिनाच्या गाडीनं परत गेले.

कुतुबुद्दीन घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. अंबूबाईनं हातात दिलेला शिपाई मुठीत तसाच होता. रहिमतबी चूल पेटवत होती. गावातल्या बायका म्हणत होत्या, काय दगडाचं काळीज बाईचं! त्यालाही तेच वाटत होतं.

ती पदराला हात पुसत आली आणि शेजारी टेकली.

"लय डोकं चालिवलंसा तुमी," ती हळूच म्हणाली. "माजा तर जीव टांगनीला लागलेला. म्हनलं, ह्यांनी खरंच पोराचं त्वांड काढलं तर? पर मांडल्या मांडल्या बगितलं, तर आपला इलियासच न्हवं. मग काय, बसले पान खात."

कुतुबुद्दीननं मान वर केली.

"न्हवं?"

"आता माज्याम्होरं बी सोंग?" तिनं त्याच्या मुठीतून शिपाई सोडवून घेतला, उजेडात धरला आणि हसली. "ही वाकडी जिवनी इलियासची हाय व्हय? त्येची माज्यावर गेलीया. ह्ये तर तुमीच. लगीन झालं तवा अगदी असंच दिसत व्हतासा. पोराच्या जागी सोता उभं ऱ्हायलासा, आन् आडवं झालासा. म्या वळखलं न्हाई व्हय?"

 तिनं शिपायाला पदराच्या टोकात बांधलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या उजेडात, ओसरीवर, असं तिनं कधी केलं नव्हतं.

"इलियास जसाच्या तसा ध्यानात हाय न्हवं तुमच्या?" तिनं विचारलं. "मला आताशा नीट आटवत न्हाई वो. भ्या वाटतं. पर तुमी रंगारी मानूस. तुमाला आटवत आसल."

"व्हय," कुतुबुद्दीन म्हणाला. "आटवतं की."