ठकीचं पिल्लू

आमच्या नवजीवन चाळीत अक्कल सोडून सगळं होतं. असल्फ्याच्या टेकडीला पाठ लावून बांधलेल्या बावीस खोल्या, दोन नळ, एक कमिटी, आणि त्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हे, मार्तंडराव. कचेरीत कारकून, चाळीत कलेक्टर. दर सोमवारी फळ्यावर यांची नोटीस लागायची: 'सदर नळावर चादरी धुणे योग्य वाटत नाही.' घरातही तीच भाषा. आमटीत मीठ कमी पडलं की म्हणणार, "सदर आमटी अळणी आहे." अशा माणसाबरोबर मी एकोणीस वर्षं काढली आहेत, तेव्हा माझी जीभ तिखट का, हे कुणी विचारू नये.

शेवंती शेवटच्या खोलीत राहायची. देवगडकडची, तिशी ओलांडलेली, मूलबाळ नाही. गिरण्यांचा संप रेंगाळला तेव्हा तिचा नवरा दशरथ मस्कतला गेला, तिथे एका कंपनीच्या कॅम्पात सुतारकाम करायचा. ही साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात प्लगच्या पिना खोक्यात भरायची. एकट्या बाईने कसं राहायचं याचे चाळीचे नियम ठरलेले होते: मान खाली, आवाज खाली, दार बंद. शेवंतीने तिन्ही पाळले आणि वर एक टर्की पाळली.

मरोळच्या गावठाणातल्या एक ख्रिस्ती बाई नाताळसाठी टर्की वाढवायच्या. त्यांच्याकडे तीन आठवड्यांचं एक लंगडं पिल्लू होतं, ते जगायचं नाही म्हणून त्यांनी शेवंतीला देऊन टाकलं. ते जगलं. शेवंतीने तिचं नाव ठेवलं ठकी. वाढत वाढत ठकी बदकाच्या दुप्पट झाली, बोडकं डोकं, गळ्याखाली लोंबणारी कातडी. चाळीने तिला आधी गिधाड ठरवलं, मग शहामृगाचं पोर. आमच्या ह्यांनी जाहीर केलं की हा पक्षी तुर्कस्तानातला, नावातच आहे. ह्यांचं कुठलंही ज्ञान नावापुढे कधी गेलंच नाही.

पंच्याऐंशी सालच्या मार्चमध्ये ठकीने अंडी घातली आणि त्यांच्यावर बसली. उचलून बाजूला ठेवली की परत येऊन बसायची. "फुकटच गो वैनी," शेवंती मला म्हणाली, "नर नाय, अंड्यात काय असतला? बसांदे, कंटाळात." ठकी कंटाळली नाही. अठ्ठावीस दिवस बसली. अकरापैकी दहा अंडी नासली. अकराव्यातून पिल्लू आलं.

शेवंतीने मला हाक मारून दाखवलं, ओलं, पिवळट, डोळे मिचकावणारं. मला इतका आनंद झाला की मी नळावर जाऊन सांगितलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

संध्याकाळपर्यंत चाळीने हिशेब मांडला होता. नराशिवाय पिल्लू होत नाही. आसपास नर टर्की नाही. म्हणजे तो कुणीतरी आणला. आणणारा पुरुष असणार. आणि जिचा नवरा मस्कतला आहे तिच्याकडे कुणी पुरुष कोंबडा घेऊन कशाला येईल? सात नंबरच्या प्रेमाला तर पावलंही ऐकू आली होती. हिचं पोर हिच्या मांडीवर रडून लाल व्हायचं ते हिला ऐकू यायचं नाही, पण पंधरा खोल्या पलीकडची पावलं आली म्हणे कानावर.

कमिटीने मीटिंग बोलावली. शेवंती रडली नाही, भांडली नाही. कामावरून अर्धी रजा काढून ती सरकारी कुक्कुटपालन केंद्रात गेली आणि तिथल्या डॉक्टरांना मीटिंगला घेऊन आली. डॉक्टर रतन कांबळे, मूळचे लातूरकडचे, तरुण, स्कूटरवर आले. आमच्या ह्यांनी आडनाव ऐकलं आणि त्यांना खुर्चीऐवजी स्टूल पुढे केलं. मी घरातली खुर्ची आणून ठेवली.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "ही नराजवळ शेवटची कधी होती? टर्कीची मादी एकदा नराला भेटली की पुढे दोन-दोन महिने फळणारी अंडी देऊ शकते."

"तीन आठवड्यांची असताना हाडलंय," शेवंती म्हणाली. "आता दीड वर्षाची झाली."

डॉक्टर चक्क हसले, खूश होऊन. "मग बाई, तुमच्याकडे मोठी दुर्मीळ गोष्ट घडली आहे! टर्कीत असं होतं. नर न लागता अंड्यात जीव धरतो. बहुतेक आतच मरतात, एखादं बाहेर येतं. आणि आलं तर नरच असतं, मादी कधीच नाही."

मग ते रंगलेच. टर्कीचा तुर्कस्तानाशी काही संबंध नाही, पक्षी अमेरिकेचा. (आमचे हे माझ्याकडे न बघता चष्मा पुसू लागले.) रानातली टर्की उडते, उंच झाडावर झोपते. फार्मवरच्या जातीची छाती माणसांनी इतकी वाढवली की तिला ना उडता येतं, ना जोडा लावता येतो, माणसांनाच मध्ये पडून ते काम उरकावं लागतं. बायकांनी तोंडाला पदर लावले आणि एक शब्द सोडला नाही. नराचं डोकं रंग बदलतं, लाल, निळं, पांढरं, जसा राग, जशी भीती. मोठा आवाज झाला की तो गडगडून उत्तर देतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे, तिकडच्या प्रोफेसरांनी एकदा नरापुढे पेंढा भरलेली मादी ठेवली. तो पिसारा फुलवून नाचला. त्यांनी तिचं शेपूट काढलं, पाय काढले, पंख काढले, धड काढलं. शेवटी काठीवर नुसतं डोकं उरलं. तरी हा नाचतोच आहे.

सगळे हसले. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे आठवड्यातून दोनदा भांग पाडून, पावडर थापून 'गटाराच्या तक्रारीची पाहणी' करायला शेवटच्या खोलीपाशी जायचे. शेवंती दाराची साखळी न काढता बोलायची. फटीतून दिसणार ते तिचं डोकं, तेवढ्यावर यांचा पिसारा. एक दिवस ती म्हणाली, "भावोजी, तक्रार असली तर मी वैनींका सांगान." त्यानंतर ते गटार कधी तुंबलं नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. मी गप्प होते, याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टर गेले आणि चाळीने कोलांटी मारली. नराविना पिल्लू! म्हणजे ठकी पवित्र. प्रेमानेच पहिला नारळ फोडला. ठकीच्या बोडक्या डोक्याला हळद-कुंकू लागलं. कुर्ल्याहून एक जोडपं मूल होत नाही म्हणून नवस बोलून गेलं. ठकीने त्या बाईच्या बोटाला चोच मारली, तोही कौल समजला गेला. शेवंतीला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. 'चुकलं आमचं' जाऊ दे, 'गैरसमज झाला' एवढंही नाही. पक्षिणीची सुटका झाली. बाईचा खटला फक्त तहकूब होता.

मे महिन्यात मी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात निळं हवाई पत्र, कोरं. आमचं परदेशात कुत्रंही नाही. विचारलं तर म्हणाले, "सदर पत्र ऑफिसचं आहे." मी विश्वास ठेवला.

दिवाळीला बारा नंबरचा धाकू मस्कतहून सुट्टीवर आला आणि दशरथची कॅसेट घेऊन आला. चाळीत रेडिओ-टेपचा टू-इन-वन एकच, आमच्याकडे, मी विणलेलं क्रोशाचं कव्हर घालून कपाटावर बसवलेला. कॅसेट आली की सगळ्यांनी आमच्या खोलीत जमून ऐकायची, हा रिवाज. माणूस सगळ्यांना नमस्कार सांगायचा, कुणाला काय आणू विचारायचा, आणि नवरा-बायकोचं असेल ते 'बाकी पत्रात' म्हणून सोडून द्यायचा. शेवंती नवी साडी नेसून आली. तीन वर्षांत ही चौथी कॅसेट.

"शेवंते, मी दशरथ बोलतंय," आवाज आला. नमस्कार नव्हता. "माका एक पत्र इला. वाचून दाखयतंय. 'सदर पक्षिणीस नर उपलब्ध नसताना सदर पिल्लू झाले. यावरून आपल्या घरी अवेळी परपुरुषाची ये-जा असल्याचे अनुमान निघते. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. एक हितचिंतक.'"

'सदर' ऐकताच खोलीतल्या माना एकेक करून वळल्या. मला त्या निळ्या कागदाची घडी आठवली. डॉक्टरांचं सगळं कानांनी ऐकल्यावर, खुर्ची-स्टुलाचं नाटक करून झाल्यावर, ह्यांनी ते लिहिलं होतं.

टेप चालूच होती. "आमच्या कॅम्पातलो जेवाण करणारो भटारी म्हणता, टर्कीत असा होता. पाखराचा माका पटला. पण लोक उगीच कित्याक बोलतले? दिवाळी झाली की नोकरी सोड नि आवशीकडे गावाक जा. खोलीची किल्ली मार्तंडरावांकडे दी. ते बगतले."

आणि आमच्या ह्यांनी, खरं सांगते, हात पुढे केला.

शेवंतीच्या कमरेला किल्ली होती. तिने ती मुठीत धरली. ती टू-इन-वनकडे वळली, जणू दशरथ त्यात बसला होता. मग म्हणाली, "वैनी, दुसरी बाजू कोरी असा ना? लावा."

मी कॅसेट उलटी केली आणि लाल बटण दाबलं.

"ऐकतास?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ठकीक नर नाय, तरी पिल्लू झाला. ती पवित्र. तिका कुंकू लावल्यानी. माका पिल्लू नाय, काय्येक नाय, आणि मी वायट? पाखराचा तुमका पटला, माझा नाय पटला. मी गावाक जावचंय नाय. नोकरी सोडूचंय नाय. किल्ली माझ्याकडे असा, ती माझ्याकडेच रवतली."

तिने बंद करायला हात नेला. मी तो धरला.

"दशरथभावोजी, मी सुलक्षणा," मी म्हणाले. "ते पत्र आमच्या ह्यांनी लिहिलंय. शेवंतीकडे कुणी येत नव्हतं. हेच जायचे, आणि तिने यांना दार उघडलं नाही, म्हणून लिहिलंय."

आमच्या ह्यांचं डोकं आधी पांढरं पडलं, मग ओठ निळे झाले, मग कानापर्यंत लाल.

"सुलक्षणा!" हे ओरडले.

मागच्या अंगणातून उत्तर आलं. ठकीचा लेक सात महिन्यांचा झाला होता, तोपर्यंत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. गळा भरून तो गडगडला.

"बंद कर ते!" हे पुन्हा ओरडले. तो पुन्हा गडगडला. प्रेमा सगळ्यांत आधी हसली, ती तरी कुठे शहाणी, पण मग खोलीभर हसू पसरलं. ह्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लाल बटण अजून दाबलेलं होतं. मी टेप संपेपर्यंत ते दाबलेलंच राहू दिलं.

धाकू ती कॅसेट घेऊन मस्कतला परत गेला. मी ह्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही, नंतर कामापुरतं बोलू लागले. फळ्यावर नोटिसा अजून लागतात, त्यात 'सदर' नसतं.

दशरथचं उत्तर जानेवारीत आलं. शेवंती आमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, टू-इन-वन न्हेतंय." मी क्रोशाच्या कव्हरासकट तिच्या हातात दिला. तिने तो आपल्या खोलीत नेला, दार लावलं आणि एकटीने ऐकलं. चाळ बाहेर कान टवकारून उभी होती, तिला काही ऐकू आलं नाही. दशरथ काय म्हणाला ते शेवंतीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तासाभराने ती टू-इन-वन परत द्यायला आली, डोळे सुजलेले होते. किल्ली कमरेला होती.